बिग बाजार कुणी बुडवला?

(नागपुरात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि लहान उत्पादक-व्यापारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषयाला थेट हात घालतो.

२५ फेब्रुवारी २०२२. शुक्रवार. त्या रात्री देशभरातल्या बिग बाजारच्या दुकानांचा ताबा रिलायन्सची माणसं घेऊ लागली. शनिवारी-रविवारी महिन्याचं सामान भरायला आलेल्या गिऱ्हाइकांना शटर बंद दिसलं. काही महिन्यांनी त्याच जागांवर स्मार्ट बाजारच्या पाट्या लागल्या. एकेकाळी चारशेच्या आसपास शहरांत दीड हजारावर दुकानं चालवणारी, बिग बाजारची मालक असलेली फ्यूचर रिटेल ही कंपनी त्याच वर्षी जुलैत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ च्या जुलैत तिच्या अवसायनाचा, म्हणजे उरलंसुरलं विकून खातं बंद करण्याचा, हुकूम झाला.

हे कुणामुळे झालं असं विचारलं की चार उत्तरं ऐकू येतात. कोणी म्हणतं कोरोनामुळे, कोणी अमेझॉनमुळे, कोणी रिलायन्समुळे, आणि कोणी संस्थापक किशोर बियाणींच्या हव्यासामुळे. चारही उत्तरांत तथ्य आहे. पण पहिली तीन उत्तरं कंपनी कोणत्या तारखेला पडली एवढंच सांगतात. ती पडणार हे त्याआधी काही वर्षं ठरत आलेलं होतं, आणि ते ठरवण्यात प्रवर्तकांइतकाच, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांइतकाच, त्यांना पैसे देणाऱ्यांचाही हात होता. माझं खरं दुखणं पुढे आहे. ज्यांचा या निर्णयांशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्यावर नुकसानीचा सगळ्यात मोठा वाटा पडला, आणि आपला कायदा तो तसाच पडू देतो. आज मला मुख्यतः त्यावर बोलायचं आहे.

आधी बियाणींचं श्रेय त्यांना देऊ या. १९९७ साली कोलकात्यात त्यांनी पँटालून्सचं पहिलं मोठं दुकान काढलं आणि २००१ मध्ये बिग बाजार सुरू केला. कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू अशी तीन दुकानं काही आठवड्यांच्या आत उघडली. त्या काळात मोठं दुकान म्हणजे काचा, थंडगार हवा आणि दारातच बिचकणारा मध्यमवर्ग. बियाणींनी उलटं केलं. दुकानात मुद्दाम गर्दी राहू दिली, धान्य उघड्या पिंपात ठेवलं, बाईमाणसाला हात घालून तांदूळ पारखता येईल अशी सोय केली. २६ जानेवारी २००६ ला ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा अनेक शहरांत लोटलेली गर्दी आवरणं कठीण झालं होतं. इतवारीच्या किराणा ओळीत वर्षाचं धान्य भरणारी, गोकुळपेठेत रोजची भाजी घेणारी आपल्याकडची कुटुंबंसुद्धा ट्रॉली ढकलायला शिकली ती याच काळात. भारतीय गिऱ्हाईक या माणसाला कळलं होतं, यात शंका नाही.

नागपूरचा संबंध तर फक्त गिऱ्हाइकापुरता नव्हता. देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा आपल्याला मिळावा असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. बियाणींच्या फ्यूचर समूहाच्या मालवाहतूक कंपनीनं नागपूरच्या मिहान या उद्योग-मालवाहतूक प्रकल्पात प्रचंड मोठं, यंत्रांवर चालणारं वितरण केंद्र उभं केलं, तेव्हा त्या बोलण्याला पहिल्यांदा थोडा अर्थ आला. जीएसटी आल्यावर राज्याराज्यांत वेगळी गोदामं ठेवायची गरज उरली नाही आणि मध्यवर्ती केंद्राचं महत्त्व आणखी वाढलं. मूळ कंपनीच्या पाठोपाठ ही वाहतूक कंपनीही दिवाळखोरीत गेली. म्हणून हा विषय मुंबईच्या कोर्टकचेरीचा आहे असं समजून आपण बाजूला होऊ शकत नाही.

आता धंद्याचं गणित बघू. किराण्याच्या धंद्यात भाडं, पगार, वीज, वाहतूक, नासाडी आणि चोरी वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीवर हातात तीन-चार रुपये उरले तर दुकान चांगलं चाललं म्हणायचं. एवढ्या बारीक नफ्यावर व्याजाचा मोठा बोजा पेलत नाही. दुसरं, दुकानातला माल बहुतांशी पुरवठादाराच्या उधारीवर उभा असतो. गिऱ्हाईक रोख देतं, पुरवठादाराला पैसे महिन्या-दीड महिन्यानं जातात. मधल्या काळात ती रोकड दुकानदाराच्या हातात खेळते. या खेळत्या रोकडीतून तो नवीन दुकान उघडतो, त्या दुकानासाठी नवीन उधारी मिळते, आणि असं चक्र चालू राहतं. विक्री वाढत असते तोवर सगळं शोभून दिसतं. विक्री थांबली की देणी मात्र थांबत नाहीत.

हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं, कारण सुभिक्षा आपल्या डोळ्यांसमोर बुडाली होती. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली ही साखळी २००८ पर्यंत सोळाशेच्या घरात दुकानांवर गेली होती. भांडवल त्या मानानं तुटपुंजं, विस्तार कर्जावर. जागतिक मंदीत पैशाचा ओघ आटला आणि २००९ च्या सुरुवातीला पगाराला पैसे नाहीत, दुकानांत माल नाही, अशी अवस्था आली. आयसीआयसीआय व्हेंचरसारख्या गुंतवणूकदाराचा त्यात मोठा हिस्सा होता. म्हणजे हुशार, शिकलेल्या, आकडे वाचता येणाऱ्या माणसांचे पैसे त्यात होते. तिच्या संस्थापकाला पुढे २०२३ मध्ये ठेवीदारांच्या फसवणुकीच्या एका वेगळ्या प्रकरणात चेन्नईच्या विशेष न्यायालयानं वीस वर्षांची शिक्षा सुनावली. पण सुभिक्षाचा धडा त्या खटल्यात नव्हता. तो ताळेबंदात होता, आणि २००९ मध्येच वाचता येत होता.

फ्यूचर समूहाला पहिला जोरदार झटका २०१२ मध्ये बसला. कर्ज इतकं वाढलं होतं की ज्या पँटालून्सपासून सगळी सुरुवात झाली, ते आदित्य बिर्ला समूहाला द्यावं लागलं. सुमारे सोळाशे कोटींचा तो व्यवहार होता, त्यातले निम्मे कर्जाच्या हस्तांतराचे. समूहाची वित्त कंपनीही त्याच वर्षी वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूक कंपनीकडे गेली. माझ्या मते फ्यूचरच्या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा आहे, २०२० नव्हे. कारण तेव्हा थांबता आलं असतं. दुकानं चालत होती, नाव होतं, गिऱ्हाईक होतं. दोन-तीन वर्षं नुसतं कर्ज उतरवत बसले असते तरी आज कदाचित ही कंपनी उभी दिसली असती.

झालं काय, तर पुन्हा खरेदी सुरू झाली. २०१४ मध्ये दक्षिणेतली नीलगिरीज, २०१५ मध्ये भारतीची ईझीडे दुकानं, मग हेरिटेजची किराणा दुकानं, २०१७ मध्ये ६५५ कोटींना हायपरसिटी. यातली काही दुकानं आधीच्या मालकांच्या हातात तोट्यात होती. मोठं होण्याची घाई का होती, याचं उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे असं आहे: ज्याचं कर्ज मोठं, त्याला वाढ दाखवत राहावी लागते. वाढ दाखवली तर शेअरचा भाव वर राहतो, आणि शेअरचा भाव वर राहिला तरच पुढचं कर्ज मिळतं.

याच काळात दुसरं एक उदाहरण समोर होतं. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत निघालं, म्हणजे बिग बाजारनंतर एकाच वर्षानं. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा पंधरा वर्षांत तिची अवघी १३१ दुकानं झाली होती. बऱ्याच जागा स्वतःच्या मालकीच्या, कर्ज थोडं, आणि पुरवठादाराला साधारण आठ-दहा दिवसांत पैसे. लवकर पैसे मिळतात म्हणून पुरवठादार भाव कमी लावतो, आणि तोच कमी भाव गिऱ्हाइकाला खेचतो. गिऱ्हाईक तेच, शहरं तीच, काळही तोच होता. म्हणून ‘भारतात मोठं किराणा दुकान चालतच नाही’ किंवा ‘ऑनलाइननं सगळं खाल्लं’ ही स्पष्टीकरणं मला पटत नाहीत.

आता कर्जाच्या एका प्रकाराकडे या. विद्यार्थ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं, कारण वार्षिक अहवाल वाचताना हाच भाग सुटतो.

फ्यूचर रिटेल ही नोंदणीकृत कंपनी. तिच्यावर एक कर्ज होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पण प्रवर्तकांच्या आणखी खाजगी कंपन्या होत्या, ज्यांच्याकडे फ्यूचर रिटेलचे शेअर होते. या खाजगी कंपन्यांनी ते शेअर गहाण ठेवून वेगळं कर्ज काढलं होतं. हे दुसरं कर्ज फ्यूचर रिटेलच्या ताळेबंदात दिसत नाही, पण त्याचा फास तिच्याच गळ्याभोवती असतो. सावकाराकडे सोनं ठेवून कर्ज घ्यावं आणि त्याच आठवड्यात सोन्याचा भाव उतरून त्यानं आणखी सोनं मागावं, तशी गत होते. शेअर पडला की धनको, म्हणजे कर्ज देणारा, जादा तारण मागतो. ते देता आलं नाही तर गहाण शेअर बाजारात विकतो, आणि त्या विक्रीनं भाव आणखी पडतो.

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये हेच झालं. टाळेबंदी २५ मार्चला लागली, पण फ्यूचर रिटेलच्या शेअरचा भाव त्याआधीच काही आठवड्यांत निम्म्याच्याही खूप खाली आला होता. धनकोंनी गहाण शेअरवर हात टाकला. कोरोनानं दुकानांची विक्री मारली हे खरं, पण समूहाचा श्वास कोंडला तो शेअरच्या तारणामुळे. किराणा विकणाऱ्या दुकानांना टाळेबंदीतही परवानगी होती, आणि कमी कर्जाची दुकानं तो काळ काढून गेली.

हे पैसे दिले कुणी? बँकांना शेअरच्या तारणावर कर्ज देताना रिझर्व्ह बँकेची बंधनं असतात, म्हणून असं कर्ज बरंचसं वित्त कंपन्या आणि म्युच्युअल फंडांच्या रोखे योजनांमधून येतं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीनं सहा रोखे योजना एकाएकी बंद केल्या. आपल्याकडेही अनेकांचे पैसे त्यात अडकले होते. त्या योजनांनी घेतलेल्या रोख्यांत फ्यूचर समूहाशी निगडित कंपन्यांचेही रोखे होते. ते पैसे पुढे टप्प्याटप्प्यानं परत आले, म्हणून आपण तो प्रसंग विसरलो. पण मुद्दा राहतोच. पेन्शनीत निघालेल्या माणसानं मुदत ठेवीपेक्षा थोडं जास्त व्याज मिळावं म्हणून ठेवलेला पैसा कुणा प्रवर्तकाच्या खाजगी कंपनीला, शेअरच्या भावाच्या भरवशावर दिला गेला. ज्यांनी तो दिला त्यांचं कामच जोखीम तोलण्याचं होतं आणि त्यासाठी त्यांना शुल्क मिळत होतं. त्यांना मी प्रवर्तकांच्या बरोबरीनं जबाबदार धरतो.

अमेझॉन-रिलायन्सचा भाग वर्तमानपत्रांत इतका आला आहे की मी तो भराभर सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेझॉननं फ्यूचर कूपन्स या प्रवर्तकांच्या खाजगी कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला, सुमारे चौदाशे तीस कोटींना. थेट फ्यूचर रिटेलमध्ये का नाही? कारण बहुब्रँड किरकोळ व्यापारात परदेशी पैशाला २०१२ पासून परवानगी आहे, पण इतक्या अटींसह की कुणीच समोरच्या दारानं येत नाही. म्हणून कूपनच्या कंपनीतून वाट काढली. करारात अट होती की काही ठरावीक पक्षांना दुकानं विकायची नाहीत. त्यात रिलायन्सचं नाव होतं. ऑगस्ट २०२० मध्ये फ्यूचरनं नेमकं रिलायन्सलाच २४,७१३ कोटींना सगळं विकायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरच्या तातडीच्या लवादानं, म्हणजे कोर्टाबाहेर तंटा सोडवणाऱ्या पंचानं, या विक्रीला स्थगिती दिली. ६ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश भारतात लागू होतो असं सांगितलं. डिसेंबरात स्पर्धा आयोगानं अमेझॉनच्या मूळ व्यवहाराची मंजुरीच स्थगित केली आणि दोनशे कोटींवर दंड लावला.

कायद्याच्या दृष्टीनं अमेझॉनची तक्रार खरी होती. सही केलेला करार मोडला जात होता. पण दीड वर्ष हा तंटा चालू असताना दुकानं रोज थोडी थोडी मरत होती. भाडं थकत होतं. जागामालकांचे करार रिलायन्सनं आपल्या नावावर घेतले आणि त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्यानं दिल्या. पोटभाडंही थकलं, तेव्हा नऊशेहून अधिक दुकानांच्या करारांना समाप्तीच्या नोटिसा गेल्या आणि मी सुरुवातीला सांगितलेली ती रात्र आली. कागदावर रिलायन्सचाही हक्क होता. पण ज्या जागांवर आपला ताबा कसा आला आणि पुढे काय होणार हे विकत घेणाऱ्याला पुरतं ठाऊक आहे, बँकांना ठाऊक नाही, कोर्टाला ठाऊक नाही, अशा पद्धतीनं झालेला व्यवहार मला योग्य वाटत नाही. फ्यूचरच्या संचालक मंडळालाही हे करार हस्तांतरित होत असताना त्याचा अर्थ कळत असलाच पाहिजे. साखळी दुकानाची खरी मालमत्ता म्हणजे मोक्याच्या जागा. त्या गेल्या की मागे फळ्या आणि फ्रीज उरतात.

बँकांना हे उशिरा कळलं. एप्रिल २०२२ मध्ये रिलायन्सच्या प्रस्तावावर मतदान झालं. भागधारक बाजूनं, बिनतारणी धनको बाजूनं, आणि तारण असलेल्या धनकोंपैकी ६९ टक्क्यांहून अधिक विरोधात. प्रस्ताव बारगळला. जागा तर आधीच गेलेल्या होत्या. बिनतारणी धनकोंनी, म्हणजे ज्यांच्या हातात बिलांशिवाय काही नव्हतं त्यांनी, बाजूनं मत दिलं हे लक्षात ठेवा. त्यांना दिसत होतं की हा व्यवहार फिसकटला तर आपल्याला काही मिळणार नाही. तेच झालं. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत पुढे आलेला एक प्रस्ताव ५५० कोटींचा होता. ऑगस्ट २०२० मध्ये बोलणं चोवीस हजार कोटींचं होतं, भले ते अधिक कंपन्यांसाठी असेल. ५५० कोटींनाही पुरेशी मतं पडली नाहीत आणि अवसायन झालं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

साखळी दुकानात माल कोण पुरवतं? हिंदुस्थान युनिलिव्हर पुरवतंच, पण त्यांची वसुलीची ताकद मोठी, पैसे थकले तर ते दुसऱ्या दिवशी गाडी थांबवतात. त्यांच्याशिवाय शेकडो लहान माणसं असतात. पापड-कुरड्या करणारा बचत गट, सावजी मसाल्याची पाकिटं भरणारा हिंगण्यातला कारखानदार, कॅरीबॅगवाला, गणवेश शिवणारा, कळमन्यातून माल उचलून पोहोचवणारा गाडीमालक. अशा माणसासाठी मोठ्या दुकानाची ऑर्डर म्हणजे आनंदाची गोष्ट. तो त्या ऑर्डरच्या भरवशावर यंत्र घेतो, दोन बाया कामावर वाढवतो. मग पेमेंट अडकतं. खरेदी खात्यातला माणूस म्हणतो, पुढच्या महिन्यात. माल थांबवला तर मागचेही पैसे बुडतील या भीतीनं हा माल पाठवत राहतो. थकबाकी जितकी मोठी, तितकं त्याला सोडून जाणं अवघड.

दिवाळखोरी कायदा, म्हणजे २०१६ चा आयबीसी, या माणसाला कुठे ठेवतो? तो ‘कार्यचालक धनको’. बँका म्हणजे ‘वित्तीय धनको’. कंपनीचं काय करायचं हे धनको समिती ठरवते, आणि त्या समितीत मतं वित्तीय धनकोंनाच असतात. कार्यचालक धनकोंची मिळून देणी एकूण कर्जाच्या दहा टक्के झाली तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं, पण मत देता येत नाही. स्वतः होऊन एखाद्या बुडत्या कंपनीला कोर्टात खेचायचं, तर २४ मार्च २०२० पासून किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एक कोटी केली आहे. ज्याचे अठरा लाख अडकलेत, त्यानं कुठे जायचं? आणि टाळेबंदीनंतरचं एक वर्ष तर त्या काळातल्या थकबाकीसाठी कुणालाच हा दरवाजा उघडा नव्हता.

अवसायन झालं की पैसे वाटण्याचा क्रम कलम ५३ मध्ये लिहिला आहे. प्रक्रियेचा खर्च सगळ्यात आधी. त्यानंतर तारण असलेले धनको आणि कामगारांचे चोवीस महिन्यांचे थकलेले पगार, एका पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे. मग बिनतारणी वित्तीय धनको. मग सरकार. त्याच्याही खाली ‘उरलेली देणी’, आणि त्यात आपला पापडवाला. त्याच्या खाली फक्त भागधारक. आता हा क्रम जबाबदारीच्या अंगानं वाचून बघा. ज्यानं जोखीम तोलायची होती, ज्याच्याकडे हिशेब मागण्याचा हक्क होता, ताळेबंद वाचायला माणसं होती, तो वर. ज्याला फक्त माल पाठवता येत होता, तो तळाशी.

कर्मचाऱ्यांचंही असंच. कायद्याच्या कागदावर कामगार वरच्या पायरीवर आहे, पण साखळी दुकानात मजल्यावर उभं राहून विक्री करणारी पोरं-पोरी ‘कामगार’ ठरतात की नाही यावरच वाद होतो, आणि हाउसकीपिंग, सुरक्षा, माल चढवणारे हे ठेकेदाराच्या नावावर असतात. रिलायन्सनं बऱ्याच जणांना नोकऱ्या देऊ केल्या, ही चांगली गोष्ट झाली. ठेकेदाराकडचे मात्र कुणाच्याच यादीत नसतात.

इथे एका विद्यार्थिनीची चिठ्ठी आली आहे: “इतर देशांत यापेक्षा वेगळं काही होतं का?”

चांगला प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये बीएचएस नावाची साखळी होती. सर फिलिप ग्रीन यांनी मार्च २०१५ मध्ये ती एका पौंडाला विकून टाकली, किरकोळ व्यापाराचा अनुभव नसलेल्या आणि आधी स्वतः दिवाळखोर ठरलेल्या माणसाला. तेरा महिन्यांत कंपनी कोसळली. अकरा हजार नोकऱ्या गेल्या आणि कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीत ५७ कोटी पौंडांहून मोठं भगदाड निघालं. पण तिथल्या संसदेच्या समित्यांनी मालकाला, खरेदीदाराला, वकिलांना, सल्लागारांना समोर बसवून जाहीरपणे विचारलं: कुणाला काय माहीत होतं आणि कधी? जुलै २०१६ मध्ये अहवाल आला. पुढच्या वर्षी ग्रीन यांनी पेन्शन निधीत ३६ कोटी पौंडांहून अधिक भरले. आणि २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं, कंपनी वाचणार नाही हे दिसत असूनही धंदा चालू ठेवल्याबद्दल माजी संचालकांना व्यक्तिशः भरपाईसाठी जबाबदार धरलं. अमेरिकेत मात्र टॉइज आर अस ही खेळण्यांची साखळी बुडाली तेव्हा तिच्यावर खरेदीदार फंडांनीच चढवलेलं कर्ज होतं, आणि तीस हजारांवर माणसं नुकसानभरपाईविना बाहेर पडली. खूप आरडाओरडा झाल्यावर त्यातल्या दोन फंडांनी दोन कोटी डॉलर दिले.

आपल्या कायद्यातही कलम ६६ आहे. दिवाळखोरी टळणं शक्य नाही हे माहीत असूनही ज्या संचालकानं धनकोंचं नुकसान कमी करण्यासाठी काळजी घेतली नाही, त्याला स्वतःच्या खिशातून भरायला लावता येतं. अवजार आहे. पण त्यासाठीचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि सभागृहात मालक-सावकार-लेखापरीक्षक यांना एकत्र बसवून जाहीर जाब विचारण्याची प्रथा आपण या क्षेत्रात पाडलीच नाही. फ्यूचरबद्दल अशी चौकशी व्हायला हवी होती. ज्या दोन पक्षांच्या भांडणात हजारो लहान पुरवठादारांचे पैसे बुडाले, त्यांनाही तिथे बोलावायला हवं होतं.

नागपूरकरांना तर हे पुन्हा सांगायची वेळ यायला नको. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. हजारो घरं जिच्यावर चालली त्या मिलच्या आवारात मॉल झाला. त्या मॉलवर, तो बांधणाऱ्या कंपनीच्या बँक-कर्जाच्या प्रकरणात, पुढे ईडीनं टाच आणली. एकाच जमिनीच्या तुकड्यावर गिरणी कामगार, मग दुकानदार, असे दोनदा लोक दुसऱ्याच्या कर्जाखाली सापडले. दोन्ही वेळेला आपण हळहळलो, आणि कुणी जबाबदार होतं का हे विचारायचं राहून गेलं.

काय बदलावं? घर घेणारे ग्राहक २०१८ पर्यंत असेच वाऱ्यावर होते. त्यांनी आवाज उठवला, कायदा बदलला, त्यांना वित्तीय धनकोचा दर्जा आणि मत मिळालं. मग लहान पुरवठादाराला धनको समितीत निदान मर्यादित मत का मिळू नये? सूक्ष्म आणि लघू उद्योगांच्या शेवटच्या नव्वद दिवसांच्या बिलांना पगाराच्या पायरीवर का बसवू नये? बँका म्हणतील कर्ज महागेल. महागू दे थोडं. ज्या साखळीला पुरवठादाराचे पैसे बुडवल्याशिवाय कर्ज परवडत नाही, तिनं शंभर दुकानं कमी काढावीत. आणि प्रवर्तकांच्या खाजगी कंपन्यांवरचं कर्ज मूळ कंपनीच्या अहवालातच, एका पानावर, रकमेसकट छापलं पाहिजे. गहाण शेअरची टक्केवारी आज कळते, त्यावर उचललेली रक्कम सहज कळत नाही.

इथे बसलेल्या एका उत्पादकांनी मघाशी विचारलं की मोठ्या साखळीची ऑर्डर आली तर घ्यावी की नाही. घ्यावी. पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला नोंदणी मिळते, पण हे कलम लागू होत नाही, म्हणून इतवारीतल्या घाऊक व्यापाऱ्यांनी या भरवशावर राहू नये. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३-ब (एच) ने आणलेल्या तरतुदीमुळे आता मुदत उलटून ३१ मार्चलाही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चच्या आधी तगादा लावलात तर तो ऐकला जातो. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलवटणुकीच्या, म्हणजे बिल विकून मुदतीआधी पैसे मिळवण्याच्या, व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची केली आहे. तुमचा खरेदीदार तिथे नुसता नोंदलेला आहे की खरोखर बिलं मान्य करतो, हे पहिल्या ऑर्डरच्या आधी विचारा.

आणि ४६ व्या दिवशी पैसे आले नाहीत तर पुढची गाडी भरू नका. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार टाका, थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेत जा. मागचे पैसे बुडतील म्हणून माल पाठवत राहणाऱ्यांचीच थकबाकी सगळ्यात मोठी झाली होती.